दरड आधी संगणकावर पाडून पाहा : घाटातल्या कड्याचं मॉडेल करण्याची रीत

दरड कोसळली की कारणाच्या रकान्यात 'अतिवृष्टी' असं लिहिलं जातं आणि प्रकरण मिटतं. पण पाऊस तर सगळ्या घाटावर पडलेला असतो. मग नेमका तो तीस मीटरचा तुकडाच का सुटला? शेजारची, तितकीच उभी आणि तितकीच भिजलेली भिंत जागची का हलली नाही? न्यूमेरिकल मॉडेलिंग, म्हणजे कडा संगणकावर उभा करून त्यावरचे ताण आणि हालचाल आकडेमोडीने पाहणं, शिकायचं ते या प्रश्नासाठी. 'सुरक्षितता गुणांक १.२७' (कडा धरून ठेवणारी ताकद पाडणाऱ्या जोराच्या किती पट आहे) असा आकडा काढून अहवालात चिकटवणं हा त्याचा सगळ्यात किरकोळ उपयोग आहे. दुर्दैवाने बहुतेक वेळा तेवढाच केला जातो.

हे लिहिताना डोळ्यांसमोर सिव्हिल किंवा भूविज्ञान शिकलेली मंडळी आहेत. हातात सॉफ्टवेअर आलंय, पण सुरुवात कुठून करायची ते कुणी सांगितलेलं नाही, अशी. उदाहरण सह्याद्रीतल्या रस्त्याच्या कटिंगचं घेतो, कारण आपल्या बेसॉल्टची मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे आणि हिमालयावरून शिकवलेले धडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

'दरड' म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

आपण एकाच शब्दात तीन-चार वेगळ्या घटना कोंबतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथे डोंगराच्या अंगावरचा कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर पाण्याने जड होऊन खाली आला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर आला तोही माती, मुरूम आणि दगडधोंड्यांचा लोंढाच. याउलट जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी आदळली ती कटिंगमधून रुळांवर आलेल्या दगडांवर. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्तमानपत्रात तिन्ही 'दरडी'. पण मॉडेल करणाऱ्यासाठी पहिल्या दोन एका जातीच्या आणि तिसरी अगदी वेगळी.

मातीमुरमाचा थर सरकणार असेल तर त्याला सलग माध्यम मानता येतं. भेगाळलेला कातळ मोडणार असेल तर एकेक ठोकळा वेगळा धरावा लागतो. सुटा दगड गडगडत येणार असेल तर तो का सुटला यापेक्षा तो कुठवर जाईल हा प्रश्न मोठा. कड्याकडे बघून यातलं कुठलं, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल तर सॉफ्टवेअर उघडू नका. हा लेख मुख्यतः यातल्या दुसऱ्या, म्हणजे भेगाळलेल्या कातळाच्या जातीबद्दल आहे.

डोंगरावर दोन दिवस, मग संगणकावर एक

दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. प्रत्येक थराच्या पोटात घट्ट काळा दगड असतो. थंड होताना तो आकसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. थराच्या माथ्याला बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला कुहरी दगड, पोकळ्यांत पांढरं झिओलाइट. आणि पुष्कळदा दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाची मऊ पट्टी. भूविज्ञानाची मंडळी तिला 'रेड बोल' म्हणतात. घाटात काम करणारे नुसतं 'तांबडा पट्टा' म्हणतात, तोच शब्द वापरू.

थर जवळजवळ आडवे असतात. त्यामुळे 'थर रस्त्याकडे कललेत का' हा हिमालयातला पहिला प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. इथली गोष्ट अशी घडते. पाणी उभ्या भेगांतून खाली उतरतं आणि तांबड्या पट्ट्यावर येऊन अडतं. तो पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी झिरपतं. पट्टा भिजतो, मऊ होतो, थोडा थोडा धुपून आत जातो. वरचे दगडी खांब पुढच्या बाजूला अधांतरी होतात. मग एखाद्या पावसाळ्यात मागची भेग पाण्याने भरते आणि खांब पुढे कलंडतो. म्हणजे इथे घसरण्याइतकाच कलंडण्याचा धोका असतो, आणि मॉडेलला ही तऱ्हा मुळात दाखवता आली पाहिजे.

कड्यासमोर उभं राहिल्यावर आधी आडवी ओल शोधा. कड्याच्या मध्यावर एकाच उंचीला नेचे आणि शेवाळाची हिरवी रेघ दिसली, तर तिच्या मागे बहुधा तांबडा पट्टा असतो. पाहणीसाठी ऑक्टोबर सोयीचा हे खरं, पण जुलैत एकदा भर पावसात जाऊन पाणी कुठून बाहेर पडतंय ते बघून या. त्या एका फेरीत जे कळतं ते पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत विकत मिळत नाही.

मग टेप लावा. पंचवीस-तीस मीटरची आडवी रेघ धरून तिला छेदणाऱ्या प्रत्येक भेगेचा कल, कलाची दिशा, पुढच्या भेगेपर्यंतचं अंतर, दिसणारी लांबी, खडबडीतपणा, आत भरलेला माल आणि ओल नोंदवा. आडव्या टेपला आडव्या भेगा भेटतच नाहीत, म्हणून एक टेप उभी सोडायची. रूथ तेरझागी यांनी १९६५ मध्ये या पक्षपातासाठी दुरुस्तीचं गणित दिलं. ते वापरा, पण उभी टेप टाळण्याची सबब म्हणून नव्हे. वरचा, हात न पोचणारा भाग ड्रोनच्या फोटोंवरून मोजता येतो. भेगेच्या भिंतीचा कणखरपणा श्मिट हॅमरने, म्हणजे दगडावर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोडीने.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी मोजली जाणारी गोष्ट म्हणजे भेग आत किती लांब गेली आहे. तोंडावर दोन मीटर दिसणारी भेग आत दहा मीटर असेल, किंवा अर्ध्या मीटरवर अखंड दगडाच्या पुलाने थांबली असेल. पूर्ण कडा कधीकधी अशा पाच-सात पुलांवर तोललेला असतो. मॉडेलमध्ये भेग आरपार काढली तर ते पूल तुम्ही स्वतःच तोडलेत, हे लक्षात ठेवून काढा.

कागदावरचं गणित, जे टाळायचं नाही

भेगांचे कल स्टिरिओनेटवर, म्हणजे कल आणि दिशा एकत्र दाखवणाऱ्या गोल आलेखावर टाका. एखाद्या भेग-संचाची दिशा कटिंगच्या तोंडाला साधारण समांतर, म्हणजे वीस अंशांच्या आत. कल तोंडापेक्षा कमी, पण घर्षणकोनापेक्षा (ज्या कलाला दगड नुसत्या घर्षणावर टिकतो त्यापेक्षा) जास्त: तर सपाट घसरण शक्य. दोन संचांची छेदरेघ तशीच असेल तर पाचर निसटणं शक्य. भेगा डोंगराच्या आत कललेल्या किंवा उभ्या असतील तर कलंडणं. इथवर अर्धा दिवस लागतो.

मग एका खांबाचं गणित हाताने करा. समजा खांब ६ मीटर उंच आणि १ मीटर जाड आहे, पाया सपाट आहे, दगडाचं वजन घनमीटरला २६ किलोन्यूटन. कड्याच्या लांबीच्या एका मीटरमागे खांबाचं वजन १५६ किलोन्यूटन. पुढच्या कडेवर कलंडायचं तर हे वजन अर्ध्या मीटरच्या हाताने विरोध करतं, म्हणजे ७८ किलोन्यूटन-मीटर. मागच्या भेगेत पाणी साचलं की त्याचा रेटा पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशावर लागतो, आणि त्याचा कलंडवणारा परिणाम पाण्याच्या उंचीच्या घनाला ९.८१ ने गुणून ६ ने भागल्याइतका. दोन्ही बाजू सारख्या करा: पाणी सुमारे ३.६ मीटर चढलं की खांब कलंडतो. पाया सपाट असून!

आता तांबडा पट्टा पुढून फक्त ३० सेंटिमीटर धुपला असं धरा. विरोधाचा हात अर्ध्या मीटरवरून वीस सेंटिमीटरवर आला, विरोध उरला ३१ किलोन्यूटन-मीटर, आणि कलंडायला २.७ मीटर पाणी पुरे. एका फूटभर धुपीने जवळजवळ मीटरभर पाण्याची सवलत संपली.

घसरण्याचंही तपासा. पायाचा घर्षणकोन ३० अंश असेल तर घसरायला ४.३ मीटर पाणी लागतं, म्हणजे आधी कलंडेल. पण पट्टा भिजून तो २० अंशांवर उतरला तर ३.४ मीटरलाच खांब घसरतो, कलंडण्याच्या आधी. म्हणजे त्याच खांबाची मोडण्याची तऱ्हा पट्ट्याच्या ओलीवर आणि धुपीवर ठरते. पायाखालून वर ढकलणारा पाण्याचा दाब यात धरलेला नाही. तो धरला तर आकडे आणखी खाली येतात.

हे गणित करवून घेण्याची दोन कारणं. एक, मॉडेलकडून काय उत्तर यायला हवं याचा अंदाज आधीच हातात राहतो. दुसरं, घाटात कटिंगच्या तोंडावर शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) मारून निचऱ्याची भोकं ठेवायला विसरलेली मी पाहिली आहेत. तोंड बंद केल्यावर मागे पाणी किती चढू शकेल, हे या चार ओळींनंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पद्धत निवडणं

मुख्य वाटा दोन. पहिलीत कडा सलग माध्यम मानून त्याचे बारीक घटक पाडतात. फायनाइट एलिमेंट किंवा फायनाइट डिफरन्स. आरएस२, प्लॅक्सिस, फ्लॅक ही सॉफ्टवेअरची नावं ऐकली असतील. दुसरीत कडा भेगांनी वेगळ्या झालेल्या ठोकळ्यांचा ढीग मानतात, ठोकळे एकमेकांवर घासतात, फिरतात, सुटे होतात. पीटर कुंडल यांनी १९७१ मध्ये मांडलेली डिस्टिंक्ट एलिमेंट पद्धत ती हीच. युडेक आणि त्रिमितीसाठी थ्रीडेक त्यातूनच आले. फुकट आणि मुक्त स्रोत हवं असेल तर कणांच्या मॉडेलसाठी याडे आहे, पण शिकायला वेळ द्यावा लागतो. दोन्ही वाटा एकत्र करून अखंड दगडात नवी भेग फुटतानाही दाखवणाऱ्या संकरित पद्धती आहेत. पहिल्या मॉडेलसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

निवड अशी करा: ठोकळे कड्याच्या मानाने बारीक आणि भेगा सगळ्या दिशांनी असतील, म्हणजे कडा मोठ्या खडीसारखा वागत असेल, तर सलग माध्यम चालेल. मोजक्या ठळक भेगा वर्तन ठरवत असतील तर ठोकळ्यांची पद्धत. आपल्या खांबांच्या कड्याला दुसरी. सलग माध्यमाच्या मॉडेलमध्ये खांब कलंडताना दिसणार नाही. तिथे एक गोलाकार पट्टा लाल होईल आणि तुम्हाला वाटेल की मातीचा उतार घसरतोय. चित्र सुंदर, पण डोंगर दुसऱ्याच कुणाचा.

बांधणी

सर्वेक्षणातून खरा काटछेद घ्या. माथ्यावरचा सपाट भाग आणि वरचा उतारही त्यात हवा, कारण भेगांत पाणी तिथूनच येतं. मॉडेलची हद्द कड्यापासून लांब ठेवा: पायथ्यापुढे उंचीच्या किमान दीड-दोनपट, मागे दोन-अडीचपट, खाली एकपट. तळ जखडलेला, बाजू आडव्या हालचालीला बंद आणि उभ्या हालचालीला मोकळ्या. हद्द लांब नेल्यावर उत्तर बदललं, तर ती जवळ होती.

पहिलं मॉडेल एका खांबाचं करा, वर हाताने सोडवलेलं तेच. ३.६ मीटरच्या आसपास ते कलंडलं नाही तर कुठेतरी चूक आहे, आणि ती साठ भेगांच्या मॉडेलात शोधण्यापेक्षा एका भेगेत शोधणं सोपं. मी ही पायरी एकदा गाळली होती. मॉडेलमधला कडा जागच्या जागी साडेतीन मीटर खचलेला दिसत होता, आणि दोन दिवस मी त्यामागे भूवैज्ञानिक कारण शोधत बसलो. झालं होतं एवढंच की गुरुत्व लावून पहिला समतोल आल्यावर विस्थापनं शून्य करायची राहिली होती. डोंगर जन्मताना जितका दबला तितका 'सरकला' असं मी वाचत होतो.

म्हणून क्रम असा: आधी कटिंग नसलेला डोंगर, त्यावर गुरुत्व आणि आडवा ताण, समतोल, विस्थापनं शून्य. मग कटिंग पायऱ्यापायऱ्यांनी खोदा, जसं प्रत्यक्षात खोदलं. एकदम खोदलं तर भेगा उघडण्याचा क्रम चुकतो. आडव्या आणि उभ्या ताणाचं गुणोत्तर बहुतेक वेळा माहीत नसतं. ०.५, १ आणि १.५ असं तिन्ही करून पाहा. उथळ कटिंगमध्ये फार फरक पडला नाही तर एक काळजी कमी झाली.

आकडे कुठून आणायचे

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

अखंड दगडाची ताकद प्रयोगशाळेत मिळते. घट्ट बेसॉल्ट सहज १०० मेगापास्कलच्या वर जातो, कुहरी दगड बराच खाली. पण खडकाचा मोठा ठोकळा नमुन्याइतका ताकदवान कधीच नसतो. हूक आणि ब्राऊन यांनी १९८० मध्ये दिलेला निकष, पुढे जीएसआय या, खडक किती भेगाळलाय ते सांगणाऱ्या निर्देशांकाशी जोडलेला, ही सांगड घालतो. (आपल्याकडे जीएसआय म्हटलं की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आठवतं, बैठकीत यावरून झालेले घोटाळे मी ऐकले आहेत.) या निकषात दगडाच्या जातीसाठी एक स्थिरांक लागतो. बेसॉल्टसाठी २५ च्या आसपास, पाच इकडेतिकडे. सुरुंगाने बसलेल्या हादऱ्यासाठी ० ते १ असा एक गुणक आहे आणि इथेच सर्रास चूक होते: उघडी भिंत हादरली म्हणून तो सगळ्या डोंगराला लावला जातो. हादरा बसतो तो तोंडाजवळच्या काही मीटर पट्ट्याला. तेवढाच वेगळा प्रदेश करा, मागे तो शून्य ठेवा.

भेगांसाठी बार्टन यांचं सूत्र उपयोगी: खडबडीतपणाच्या अंकाला भिंतीची ताकद भागिले लंबताण (भेगेला काटकोनात दाबणारा ताण) यांच्या लॉगरिदमने गुणा आणि त्यात मूळ कोन मिळवा. खडबडीतपणा ८, भिंतीची ताकद ५० मेगापास्कल, लंबताण ०.१ मेगापास्कल, मूळ कोन २८ अंश धरा. पन्नास भागिले ०.१ म्हणजे ५००, त्याचा लॉग २.७, आठने गुणल्यावर २१.६, म्हणजे एकूण सुमारे ५० अंश. उत्साहित होऊ नका. तळहाताएवढ्या नमुन्यावर मोजलेला खडबडीतपणा दहा मीटरच्या भेगेला तसाच लागू होत नाही. लांबी वाढते तसा तो कमी करावा लागतो. आणि भेगेत चिकणमाती भरलेली असेल तर हे सूत्र बाजूला ठेवा. तिथे मातीच्या थराचा घर्षणकोनच चालतो, तो वीस अंशांच्याही खाली जाऊ शकतो. तांबड्या पट्ट्याचा नमुना ओला करून थेट कातर चाचणी करून घ्या. कोरड्या नमुन्याचा आकडा तुम्हाला फसवेल.

ठोकळ्यांच्या पद्धतीत भेगेचा ताठरपणाही द्यावा लागतो. तो कुणी मोजत नाही आणि सगळे एकमेकांचा उतरवतात. निदान अंदाज तरी कारणासह करा: अखंड दगडाचा आणि भेगाळलेल्या खडकाचा प्रत्यास्थता गुणांक यांचा गुणाकार, भागिले भेगांमधलं अंतर गुणिले दोन्हींतला फरक. ५० आणि १० गिगापास्कल, अंतर १ मीटर, तर ५०० भागिले ४०, म्हणजे मीटरमागे १२.५ गिगापास्कल. कातर ताठरपणा याच्या एक दशांशापासून सुरू करून दोन्ही दिशांना बदलून पाहा. आकडा फार मोठा दिला तर मॉडेल रात्रभर चालतं. फार लहान दिला तर ठोकळे एकमेकांत घुसतात.

पाणी

पाण्याची एक आडवी रेषा काढून मोकळं होणं हा मातीच्या बंधाऱ्याचा संस्कार आहे. आपल्या घाटात पाणी अधांतरी असतं: तांबड्या पट्ट्यावर तुंबलेलं, आणि पट्ट्याखाली खडक कदाचित कोरडाही. म्हणून तांबड्या पट्ट्याच्या वर वेगळी पाण्याची पातळी द्या, आणि ती मागच्या भेगेत अर्ध्या-अर्ध्या मीटरने चढवा. प्रत्येक टप्प्याला समतोल येतो का ते पाहा. ज्या पातळीला येत नाही तो तुमच्या कामाचा आकडा. 'या कड्याला मागच्या भेगेत अमुक मीटर पाणी चालत नाही' हे वाक्य गुणांकापेक्षा जास्त उपयोगी, कारण त्यावरून निचऱ्याची भोकं किती उंचीवर आणि किती खोल मारायची ते ठरतं.

धूप दाखवायची तर पट्ट्याच्या पुढच्या कडेचे घटक दहा-दहा सेंटिमीटरने काढून टाका आणि पाण्याचे तेच टप्पे पुन्हा चालवा. येणारा आलेख माझ्या मते सगळ्या अभ्यासातलं सगळ्यात बोलकं पान असतं.

ताकद कमी करत जाण्याची पद्धत, आणि तिची मर्यादा

प्रचलित रीत अशी की आसंजन (मालाचा अंगचा चिकटपणा) आणि घर्षणकोनाचा टॅन दोन्हींना एकाच आकड्याने भागत जायचं. मॉडेल ज्या आकड्याला कोसळतं तो सुरक्षितता गुणांक. घसरणाऱ्या कड्याला ही पद्धत चांगली लागू पडते. पण एकटा ताठ खांब कलंडतो तो वजनाच्या हातामुळे, घर्षणामुळे नाही. घर्षण कमी करत गेलात तर तुम्हाला घसरण्याचा गुणांक मिळेल आणि कलंडण्याचा धोका अहवालातून गायब होईल. खांबांची रांग एकमेकींना टेकून असेल तर त्यांच्यातलं घर्षण कामाला येतं, तिथे या पद्धतीला थोडा अर्थ आहे. तरीही पाण्याच्या टप्प्यांचं मॉडेल बरोबरीने चालवाच.

'कोसळलं' हे कशावरून ठरवायचं? नुसतं 'समतोल आला नाही' हा संदेश पुरेसा नाही. कधी जाळी बिघडलेली असते, कधी फेऱ्या कमी पडलेल्या असतात. कड्याच्या माथ्यावर, मध्यावर आणि पट्ट्याच्या कडेला निरीक्षणबिंदू ठेवा आणि त्यांचं विस्थापन व वेग पाहा. वेग शून्याकडे जात असेल तर कडा बसतोय, वेग कमी न होता टिकून राहत असेल तर कडा सुटलाय. आणि रंगीत चित्राच्या खालची मोजपट्टी वाचा. लालभडक भाग दोन मिलिमीटरचा असतो, हे मी एकाहून अधिक सादरीकरणांत पाहिलं आहे.

द्विमिती मॉडेल खांबाला लांबच लांब भिंत मानतं, बाजूचा आधार धरत नाही. पाचर निसटण्याचा प्रश्न असेल तर द्विमिती मुळीच नको.

पडून गेलेल्या कड्यावर तपासा

स्वित्झर्लंडमधलं रांडा हे या विषयातलं जुनंजाणतं उदाहरण. १८ एप्रिल आणि ९ मे १९९१ अशा दोन मोठ्या टप्प्यांत तिथला गनाइसचा कडा कोसळला, एकूण सुमारे ३ कोटी घनमीटर. झरमॅटकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे गाडली गेली, नदी अडली. माणूस एकही गेला नाही. भूकंप नव्हता, विक्रमी पाऊस नव्हता. पुढे एबरहार्ट, स्टेड आणि कॉगन यांनी त्याची मॉडेल्स करून दाखवलं की हिमनदी ओसरल्यावर आधार गेलेल्या कड्यातले अखंड दगडाचे पूल दीर्घकाळात एकेक करून तुटत गेले असावेत. आधी खालचा कणखर भाग, मग त्याच्या आधाराने उभा असलेला वरचा कमजोर भाग. शेवटचं कारण शोधत बसलो असतो तर हाती फक्त बर्फ वितळल्याचं पाणी लागलं असतं.

आपल्याकडे याची छोटी आवृत्ती करता येते. तुमच्या कटिंगपासून जवळ, त्याच थरात, आधी पडलेला तुकडा शोधा. पडलेल्या खांबांची मापं घ्या, पट्टा किती आत धुपला होता ते जखमेवरून मोजा, आणि ते मॉडेलमध्ये घालून तो पडतो का ते पाहा. पडत नसेल तर आकडे चुकलेत. मगच उभ्या असलेल्या भिंतीकडे वळा. जीएसआयचे, म्हणजे सर्वेक्षणाचे, १ : ५०,००० प्रमाणावरचे दरडप्रवणतेचे नकाशे कुठल्या घाटाकडे आधी जायचं हे सांगतात, एका कटिंगसाठी त्यांतून आकडे उचलू नका.

सुटलेला दगड

दगड सुटणारच असेल तर जाळी किती ताकदीची हवी? एक घनमीटर बेसॉल्ट २,८०० किलोचा धरा आणि तो ३० मीटरवरून सरळ पडला असं माना: सेकंदाला सुमारे २४ मीटर वेग, आणि ८०० किलोजूलहून जास्त ऊर्जा. गडगडताना काही ऊर्जा जमिनीत जाते, काही फिरण्यात. रॉकफॉल, रॉकीफोर थ्रीडी, रॅम्स ही साधनं हजारो वेळा दगड सोडून उड्यांची उंची आणि ऊर्जा देतात. त्यातला उसळीचा गुणक तुमच्या उताराचा आहे का, हे ठरवायला एकदा रस्ता बंद करून खरे दगड सोडून व्हिडिओ घ्या. परवानगी मिळवायला महिना लागतो, पण मिळते.

पावसाळ्याआधी आणि नंतर

कुठले आकडे गृहीत आहेत आणि कुठले मोजलेले, हे अहवालात वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. प्रत्येक आकडा वरखाली करून कोण उत्तर सर्वांत जास्त हलवतो ते दाखवा. बहुतेक वेळा पहिल्या दोनांत मागच्या भेगेतलं पाणी आणि पट्ट्याची धूप असतात, दगडाची ताकद कुठेतरी शेपटाला. इनपुट फाईल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि कड्याचे तारखेसह फोटो एकाच फोल्डरमध्ये.

मे महिन्यात मॉडेलमधल्या निरीक्षणबिंदूंच्या जागी प्रत्यक्ष कड्यावर खुणा बसवा: माथ्यावरच्या भेगेला दोन्ही बाजूंना खिळे, पट्ट्याच्या कडेला रंगाची रेघ, शक्य असेल तिथे निचऱ्याच्या भोकात पाण्याची पातळी मोजणारी नळी. ऑक्टोबरात परत जाऊन खिळ्यांमधलं अंतर मोजा, रेघेपासून पट्टा किती आत गेला ते मोजा, आणि हे दोन आकडे मॉडेलमध्ये जुन्यांच्या जागी टाकून पाण्याचे टप्पे पहिल्यापासून चालवा.